सोळा त्रिक अठ्ठेचाळीस

आमच्या घरी पिण्याच्या पाण्याचा तांब्या तांब्याचाच आहे आणि त्याच्यावर झाकण म्हणून दोऱ्याची गोल जाळी असायची. पांढरी, काठाला निळे काचेचे मणी. मण्यांचं वजन पडतं, म्हणून वरचा पंखा पाचावर फिरत असला तरी जाळी हलत नाही. ही आत्यानं लग्नाआधी क्रोशानं, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या सुईनं, विणलेली. वयानं माझ्यापेक्षा मोठी. गेल्या संक्रांतीला आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेसाठी घरात पाहुणे होते. भांडी घासताना कुणीतरी जाळीलाही तारेची घासणी लावली. कुणी ते अजून कबूल केलेलं नाही. मधला गोल सुटून हातात आला, मण्यांची कड तेवढी बांगडीसारखी उरली.

नवी जाळी आणायची म्हणून नवी पेठ पालथी घातली. स्टीलची झाकणं होती, प्लॅस्टिकची होती, जेवणाच्या टेबलावर उघडायची छत्रीसारखी जाळीही होती. मण्यांची जाळी कुठंच नव्हती. एका दुकानदारानं सांगितलं, "ताई, आता हे कोण करतंय? दोरा देतो, सुई देतो, घरीच करा की." त्याला माल खपवायचा होता एवढंच, पण मी घेऊन आले.

मी काय आणलं ते आधी सांगते, कारण पहिला महिना त्यानंच खाल्ला. काळी लोकर आणली, बारीक, चार पदरी. काळी का, तर मळत नाही म्हणून. आणि सुई आणली स्टीलची, टोकाला नजर लावून शोधावा लागेल इतका छोटा आकडा असलेली. ती सुई बारीक दोऱ्यासाठी असते, लोकरीसाठी नाही, हे मला ठाऊक नव्हतं. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही, हे तर कुणीही सांगितलं असतं. मी विचारलंच नाही कुणाला. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघते. वीस वर्षं आकडे सांभाळतेय, मला एक आकडा दोऱ्यात घालायला काय लागतंय, अशी गुर्मी होती.

आठवडाभर मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून व्हिडिओ बघितले. त्या बाईंचे हात लोण्यातून चालल्यासारखे चालायचे. माझी पहिली सरकगाठच सरकत नव्हती. सरकली तर पूर्ण सुटायची. शिवाय भाषेचा घोळ. एका व्हिडिओत ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणत होते, त्यालाच दुकानातून आणलेल्या पुस्तिकेत 'डबल क्रोशे' लिहिलेलं. मला वाटलं छपाईची चूक असेल. चूक नव्हती. अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात त्याला इंग्लंडात डबल म्हणतात, आणि अमेरिकेचा डबल तो इंग्लंडचा ट्रेबल. नमुना कुठला आहे हे आधी बघितलं नाही तर रुमालाचा टेबलक्लॉथ होतो. मराठीत ही भानगडच नाही. साखळी म्हणजे साखळी, मुका खांब म्हणजे बुटका टाका, आणि खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन काढलेला उंच टाका. ज्या बाईनं 'मुका खांब' हे नाव पहिल्यांदा ठेवलं असेल तिला माझा नमस्कार. अंग चोरून गप्प उभा असल्यासारखाच दिसतो तो.

ही नावं मला समोरच्या अक्कांनी शिकवली.

अक्का आमच्या समोरच्या दारात राहतात. माहेर-सासर दोन्ही पूर्व भागातलं, घरात तेलुगू. आयुष्यभर विड्या वळल्या. हजार विड्यांवर मजुरी मिळायची, त्यामुळे बोटं थांबली की पैसे थांबले. आता मुलगा वळू देत नाही, तर त्या तोरणं विणतात, नातवंडांची टोपडी विणतात. रोज समोर बसलेल्या दिसायच्या, पण मी कधी लक्ष दिलं नव्हतं. एके दिवशी माझ्या हातातला काळा गुंता बघून त्या चपला न घालताच इकडे आल्या.

"अव्वो, काय करलालीस हे? काळ्यात काय दिसतंय तुला?"

त्यांनी लोकर बाजूला ठेवली, सुई तर हातातही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मला चार मिलिमीटरची अॅल्युमिनियमची सुई आणि बदामी रंगाचं जाड सुती सूत आणायला लावलं. सुईच्या दांड्यावर मिलिमीटरचा आकडा कोरलेला असतो आणि सुताच्या पट्टीवर कुठली सुई चालेल ते छापलेलं असतं. हे एवढं वाचायचं असतं, हेही मला त्यांनीच दाखवलं, आणि त्यांना स्वतःला इंग्रजी वाचता येत नाही. त्या नुसता आकडा ओळखतात.

शिकवणी सुरू झाली आणि दुसरीच अडचण निघाली. मी त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसून बघायची आणि घरी येऊन करायला गेलं की सगळं उलटं. त्यांची ओळ डावीकडून उजवीकडे जायची, व्हिडिओतली उजवीकडून डावीकडे. तीन दिवस मी स्वतःला मठ्ठ समजत होते. चौथ्या दिवशी त्यांनी चहाचा कप उचलला तेव्हा ध्यानात आलं. अक्का डावखुऱ्या. त्यांनाही हे सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी तो विषयच नव्हता. मग मी उठून त्यांच्या समोर जमिनीवर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. आरशात बघावं तसं. त्यांचा डावा हात हलला की माझा उजवा. त्या दिवशी पंधरा मिनिटांत वीस साखळ्या झाल्या. डावखुऱ्या गुरूकडून शिकायचं असेल तर शेजारी बसू नका, समोर बसा. हे कुठल्या व्हिडिओत मला सापडलं नव्हतं.

दोरा धरायची रीत आधी जमावी लागते. सुई धरणारा हात काही फार करत नाही, खरं काम दुसऱ्या हाताचं. दोरा करंगळीभोवती एक वेढा घेऊन मधल्या बोटांखालून तर्जनीवर येतो. करंगळी ब्रेक मारते, तर्जनी दोरा पुरवते, अंगठा आणि मधलं बोट विणलेला भाग धरतात. मी सगळ्याच बोटांनी ब्रेक मारत होते. साखळी इतकी घट्ट व्हायची की पुढच्या ओळीला सुई आत शिरायची नाही. अक्कांचा उपाय सोपा होता. पहिली साखळी एक नंबर मोठ्या सुईनं घालायची आणि मग सुई बदलायची. घट्ट साखळीवर विणलं की तुकड्याचा खालचा काठ आक्रसतो आणि कापड होडीसारखं वाकतं. माझ्याकडे अशा सहा होड्या आहेत.

मोजणी हा पुढचा घोळ. सुईवर जो फास असतो तो मोजायचा नाही. पहिली गाठही मोजायची नाही. सपाट बाजूनं बघितलं की साखळीत एकात एक गुंतलेले 'व्ही' दिसतात, तेवढेच मोजायचे. अक्का तेलुगूत मोजतात: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. त्यांच्यासमोर बसून मीही तेच म्हणायला लागले. आता कारखान्यात मी शर्टाचे गठ्ठे मराठीत मोजते आणि घरी टाके तेलुगूत. दहापर्यंत येतं मला. अकरावर गेले की परत ओकटी.

साखळीनंतर मुक्या खांबाच्या दहा ओळी घातल्या, नंतर खांबाच्या. आणि इथं अप्पांचा प्रवेश होतो.

अप्पा माझे वडील, माझ्याकडेच असतात. चादरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं माग चालवला. कान थोडे गेलेत, मागांच्या खटखटीत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांचे जातातच. आई घरी कांड्या भरायची. आमच्या घरात दोरा म्हणजे मजुरी. हौस म्हणून दोऱ्याला हात लावलेला त्यांनी कधी बघितला नव्हता, आत्याची जाळी सोडली तर. त्यामुळे मी रोज संध्याकाळी सुई घेऊन बसते हे त्यांना पटत नव्हतं. पेपरआडून बघायचे.

पाचव्या-सहाव्या दिवशी पेपर खाली ठेवून म्हणाले, "दाखव बघू."

मी तुकडा दिला. त्यांनी तो चाचपला, उजेडाकडे धरला, मग टोक ओढलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन ओळी सर्रकन उसवल्या.

"अप्पा!"

"ह्याला बाणा कुठाय?"

"नसतो. एकच दोरा असतो."

"एकाच दोऱ्याचं कापड?" ते बराच वेळ तुकड्याकडे बघत राहिले. "मग हे कापड नव्हे. ही गाठच म्हणायची, लांबलचक."

मला तेव्हा राग आला होता, पण क्रोशाची इतकी नेमकी व्याख्या मी अजून दुसरीकडे वाचलेली नाही. मागावरच्या कापडात उभा ताणा असतो, आडवा बाणा असतो, दोघं एकमेकांना धरून ठेवतात. एक दोरा तुटला तर माग थांबवायचा, गाठ मारायची, पुढं जायचं. क्रोशात एकच दोरा स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा बाहेर निघतो. शेवटचा फास मोकळा सोडून दोरा ओढला की मागचं सगळं परत दोरा होतं. नवशिक्याला याचा तोटा वाटतो, पण सगळ्यात मोठी सोय तीच आहे. दोन सुयांच्या विणकामात अनेक फास एकाच वेळी सुईवर असतात, सुई निसटली की टाके खाली घरंगळतात. इथं जिवंत फास एकच. सुई हातातून पडली तर पडली, तो एक फास पकडायचा. आणि चुकलं तर चुकलेल्या जागेपर्यंत उसवायचं, दोरा वाया जात नाही. बदामी सुताचा तो पहिला गुंडा मी किती वेळा विणला असेन! शेवटी त्याला फर फुटली तेव्हा सोडला.

अप्पांनी आणखी एक गोष्ट बघितली. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आले. "तुझा पन्हा कमी होलालाय."

खरंच होत होता. मी चौकोन विणत होते आणि तो वर वर निमुळता होत त्रिकोण होत चालला होता. वीस खांबांनी सुरुवात केली होती, बाराव्या ओळीला चौदाच उरले. मला कळेना कुठं जातात. मी एकही टाका मुद्दाम सोडत नव्हते. अप्पांनी पेन्सिलीच्या टोकानं प्रत्येक ओळ मोजली आणि काठावर बोट ठेवलं. "मधे बरोबर आहे. चोरी किनारीला होलाली."

किनार हा शब्द त्यांच्या तोंडून आला आणि मला रस्ता सापडला. अक्कांना विचारलं तेव्हा त्या हसल्या. खांबाची ओळ संपली की वळताना तीन साखळ्या घालायच्या असतात, आणि त्या तीन साखळ्या मिळून नव्या ओळीचा पहिला खांब. तो मी मोजत होते. पण परत येताना शेवटचा टाका त्याच तीन साखळ्यांच्या डोक्यावर घालायचा असतो, तो मी विसरत होते. त्या साखळ्या टाक्यासारख्या दिसत नाहीत, काठावर अंग मुरडून बसतात. त्यामुळे अध्येमध्ये ओळीमागे एक टाका गळत होता. उपाय म्हणून केसांची छोटी पिन घ्यायची, वळतानाच्या तिसऱ्या साखळीत अडकवायची आणि परत आल्यावर पिनेत शेवटचा खांब घालायचा. मुक्या खांबाला वळताना एकच साखळी लागते आणि ती बहुतेक वेळा मोजत नाहीत. हा फरक डोक्यात पक्का व्हायला मला पंधरा दिवस लागले. माझ्या मते क्रोशे शिकण्यात हाताचा भाग चार आणे, बारा आणे नजरेचा. टाका कुठं संपला आणि पुढचा कुठं सुरू झाला हे दिसायला लागलं की हात आपोआप मागून येतात.

त्या दिवसापासून अप्पा तपासनीस झाले. रोज रात्री जेवणानंतर तुकडा मागायचे, पन्हा मोजायचे, "आज बरोबर" किंवा "दोन खाल्लेस" म्हणायचे आणि झोपायला जायचे.

मार्च संपला आणि सोलापूर तापायला लागलं. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत माणूस घामानं नुसता निथळतो, त्यात हातात सूत. ओल्या बोटांवरून दोरा पुढं सरकत नाही आणि अॅल्युमिनियमच्या सुईवर घासून कुईकुई आवाज करतो. अक्का टाल्कम पावडरचा डबा जवळ ठेवतात. लोकर तर त्या दिवसांत नुसती मांडीवर घेतली तरी अंगाची लाही व्हायची. आमच्या गावात लोकरीचा स्वेटर विणणं म्हणजे पावसाळ्याच्या भरवशावर होडी बांधण्यासारखं आहे. सोलापुरात शिकायचं असेल तर सुती धाग्यावरच शिका, निदान फेब्रुवारी ते जून.

याच दिवसांत अप्पांना उत्साह आला आणि त्यांनी ओळखीच्या कारखान्यातून उरलेल्या रंगीत सुताचा कोन आणून दिला. "बाजारात पैसे कशाला घालतीस?" चादरीचं सूत, दोन पदरी, रंग तर असा की बघत राहावं. मी चार पदर एकत्र धरून विणायला बसले. दर तिसऱ्या टाक्याला सुईचा आकडा तीनच पदर उचलायचा, चौथा मागं राहायचा. क्रोशाचा दोरा घट्ट पिळाचा असतो, म्हणून आकडा त्यातून आरपार जात नाही. विणाईच्या सुताला तेवढा पीळ नसतो, त्याला मागावर आकड्याशी झुंजायचं नसतं. क्रोशाच्या पांढऱ्या दोऱ्याला जी चमक असते ती मर्सराईज केल्याची. इंग्लंडमधल्या जॉन मर्सरनं १८४४ च्या सुमारास सूत कॉस्टिक सोड्यातून काढायची रीत शोधली, आणि ते ताणून धरून केलं की चमकतं हे पुढं १८९० मध्ये होरेस लोवनं दाखवलं. हे मी अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "मर्सराईज मला शिकवतीस होय?" आणि अर्धा तास त्यावर बोलले. कोन मात्र परत केला नाही. तो अजून कपाटावर आहे.

चौकोन सरळ यायला लागला तेव्हा अक्कांनी गोल काढला. मला वाटलं होतं, गोल म्हणजे गोल गोल विणत जायचं. चार साखळ्यांचं कडं करून त्यात बारा खांब घातले, पुढच्या फेरीत प्रत्येकावर एक, त्याच्या पुढंही प्रत्येकावर एक. चौथ्या फेरीला वाटी झाली, सहाव्या फेरीला अप्पांच्या डोक्यावर बसेल अशी टोपी. अक्का म्हणाल्या, "वाढव की." मी सगळीकडे दोन दोन घातले, तर झालर आली. टेबलावर दाबली की एका बाजूनं बसायची, दुसरीकडून उठायची.

हिशेब असा आहे. पहिल्या फेरीत बारा खांब असतील तर प्रत्येक फेरीला बाराच वाढवायचे. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात, म्हणजे खालच्या प्रत्येक टाक्यात, दोन खांब, तिसऱ्या फेरीत एक सोडून एका घरात दोन, चौथ्या फेरीत दोन सोडून तिसऱ्या घरात दोन. मुक्या खांबाला उंची कमी, म्हणून तिथं साधारण सहा-सहाची वाढ पुरते. कमी वाढवलं की वाटी, जास्त वाढवलं की झालर, बरोबर वाढवलं की चपाती. हा हिशेब मला एकदम आवडला. माझ्या धंद्यातला होता ना!

झालर आली तेव्हा मी ती उसवून टाकली. नंतर वाचलं की अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना टायमिना या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये मुद्दाम अशीच झालर विणली होती. ठरावीक टाक्यांनंतर एक वाढवत गेलं की जो दुमडा-दुमडांचा पृष्ठभाग तयार होतो, तो भूमितीतल्या हायपरबोलिक प्रतलाचा नमुना असतो. त्याआधी असे नमुने कागदाचे असायचे आणि हाताळताना फाटायचे. बाईंनी सुई घेतली आणि विद्यार्थ्यांच्या हातात देता येईल असा नमुना केला. मी अक्कांना हे जमेल तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या बाईला वाढवायचं कळत होतं. तुला कळत नव्हतं." मुद्दा बिनतोड होता.

अक्कांना हे कुणी शिकवलं ते मी विचारलं होतं. शेजारणीनं, तिला आणखी कुणी. क्रोशे हा शब्दच फ्रेंच, अर्थ छोटा आकडा, आणि ही कला युरोपात एकोणिसाव्या शतकात घरोघर पसरली. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात बायकांनी क्रोशाची लेस विकून घरं चालवली. आपल्याकडं मिशनरी बायकांमार्फत ती आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरला रुजली. तिथल्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या सोलापुरी चादरीला ते कधीच मिळालंय. "तुमच्याकडचंच की," मी म्हटलं. अक्कांनी लगेच दुरुस्त केलं: "आमचं तेलंगण. ते गोदावरीचं. वेगळं." या बाबतीत त्या फार काटेकोर आहेत.

मे महिन्यात जाळीला हात घातला. आता पांढरा बारीक दोरा आणि तीच स्टीलची सुई, जी मी जानेवारीत अडाणीपणानं आणली होती. या वेळी ती बरोबर होती. बारीक दोऱ्यावर परत सगळं पहिल्यापासून, फक्त चष्म्यासकट. आत्याच्या जाळीची उरलेली कड आणि अप्पांची आठवण, एवढाच नमुना. अक्कांनी कड उलटसुलट करून बघितली आणि कृती सांगितली: खांबाच्या चार फेऱ्या म्हणजे अठ्ठेचाळीस खांब, मग जाळी. एक खांब, दोन साखळ्या, दोन घरं सोडून पुढचा खांब. अठ्ठेचाळीस भागिले तीन, सोळा खिडक्या. पुढं प्रत्येक खिडकीवर पाच साखळ्यांची कमान, आणि शेवटच्या फेरीत प्रत्येक कमानीला तीन मणी.

खांबाच्या फेऱ्या तीन संध्याकाळी झाल्या, जाळी दोन. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी अक्कांना न विचारता शेवटची फेरी सुरू केली. मणी एका वाटीत, सुई हातात. पहिला मणी घालायची वेळ आली आणि मी थांबले. दोऱ्याचं एक टोक जाळीत विणलेलं, दुसरं गुंड्याच्या पोटात. मणी घालणार कुठून?

मणी आधी ओवायचे असतात. सगळे. विणायला बसण्याआधी मोजून दोऱ्यात ओवून ठेवायचे आणि लागेल तसा एकेक टाक्याजवळ सरकवायचा. मला वाटत होतं सुईनं मधेच उचलायचे. दोरा कापला, गाठ मारली, मणी ओवायला घेतले. मण्याच्या भोकातून शिवणाची सुई जाईना, सुईचं नेढं जाड. अक्कांनी दोऱ्याच्या टोकाला फेव्हिकॉल लावून दोन बोटांत पिळलं आणि पंख्याखाली पाच मिनिटं धरलं. टोक तारेसारखं ताठ झालं. मणी भराभर गेले. ही युक्ती विड्यांच्या दोऱ्याची नाही, अशीच सुचलेली, असं त्या म्हणाल्या.

नवा दोरा जोडून मी मण्यांची फेरी घातली. पंधरा कमानी सुंदर झाल्या. सोळाव्या कमानीला दोऱ्यावर मणी नव्हते. मी घाईत पंधरा त्रिक पंचेचाळीस ओवले होते. वीस वर्षं हिशेब लिहिणारी बाई मी. गुंड्याच्या दुसऱ्या टोकाकडून तीन मणी ओवून आख्खा दोराभर सरकवत आणता आले असते, पण तेवढा धीर उरला नव्हता. सोळावी कमान नुसती विणली आणि तीन मणी नंतर सुईदोऱ्यानं टाचले, मोठ्या भोकाचे तीन शोधून.

आता टोकं लपवायची. पहिल्या तुकड्याची टोकं मी कापून टाकली होती आणि पहिल्याच धुण्यात ती सुटली होती. टोक एका दिशेनं दोन-तीन इंच टाक्यांच्या आतून न्यायचं, मग परत उलट्या दिशेनं, मगच कापायचं. कंटाळवाणं काम आहे. त्याबद्दल अधिक काही सांगण्यासारखं नाही.

जाळी झाली, पण दमलेल्या पापडासारखी मऊ पडलेली. तिला खळ लागणार होती, आणि ते खातं अप्पांचं. मागावर ताण्याला खळ दिल्याशिवाय तो टिकत नाही, त्यामुळे खळ या शब्दावर ते उठूनच बसले. साबुदाण्याची करायची की मैद्याची यावर त्यांचा आणि अक्कांचा वाद झाला, एक सोलापुरी मराठीत, एक तेलुगू मिसळून. साबुदाणा जिंकला. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, पिंपातलं काढलं. खळ पातळ करून गाळली, जाळी बुडवून पिळली, पाटावर जुनं पांढरं फडकं टाकून त्यावर सोळा कमानी सोळा टाचण्यांनी ताणून लावल्या. अप्पांनी प्रत्येक टाचणीतलं अंतर टेपनं मोजलं. दुपारच्या उन्हात वीस मिनिटांत कडक.

तांब्यावर ठेवली. पंखा पाचावर केला. हलली नाही.

अप्पांनी मणी मोजले. बोट टाचलेल्या कमानीवर थांबलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. बोलण्यापेक्षा ते वाईट होतं.

परवा अक्कांनी त्यांच्या घागरीच्या तोंडाचं माप दोऱ्यानं घेऊन पाठवलंय. त्यांच्या स्वतःच्या जाळीचा रंग गेलाय, पण त्यांना ती माझ्याकडून हवी आहे. "माझे डोळे आता बारीक दोऱ्याला नाहीत," म्हणतात. घागर मोठी आहे, खांबाची एक फेरी जास्त लागेल, जाळीच्या दोन. साठ खांब, वीस खिडक्या. मणी लाल हवेत, काल मधल्या मारुतीजवळून आणले. वीस त्रिक साठ. अप्पांनी दोनदा मोजून वाटीत काढून ठेवलेत, वर सहा जास्त.